पंचवीस वर्षांची जागा

सत्ताविसाव्या ओळीतल्या बाराव्या कबरीवर दुसऱ्याच माणसाचं नाव होतं.

मोजण्यात चुकलो असेन म्हणून मी ओळीच्या टोकाला गेलो आणि पहिल्यापासून पुन्हा मोजत आलो. दहा, अकरा, बारा. काळ्या गुळगुळीत दगडावर सोनेरी अक्षरांत कोरलं होतं, हेल्मूट ब्रांट. माझ्या वडिलांचं नाव कायतान रेबेलो. कितीही ओढूनताणून एकाचं दुसरं होईना. त्या नावाखाली आणखी एक नाव होतं, गेर्डा ब्रांट. तिचं जन्मसाल १९२९, पुढे एक छोटी आडवी रेघ, आणि रेघेच्या पुढे काहीच नाही. कारागिराने काम अर्धवट टाकून पोबारा केलेला दिसतोय, असं मला वाटलं. म्हटलं, पळसाला पानं तीनच, जर्मनी झाली म्हणून काय झालं!

१९९८ सालचा मार्च, रविवारची सकाळ. हाम्बुर्गच्या एका टोकाला असलेल्या त्या दफनभूमीत मी कचेरीतल्या मित्राचा ओव्हरकोट घालून उभा होतो. मित्र माझ्याहून वीतभर उंच, त्यामुळे बाह्या माझ्या बोटांच्याही पुढे जात होत्या. एका बाहीतून फोटो बाहेर डोकावत होता. १९७१ च्या नोव्हेंबरात पप्पांच्या बोटीवरच्या सोबत्यांनी काढून पाठवलेला. ओल्या मातीचा उंचवटा, त्यावर लाकडी क्रूस, मागे विटांचं छोटं चॅपल. चॅपल अजून तिथेच होतं, फोटोत दिसतं तेवढ्याच अंतरावर आणि तेवढंच तिरकं. म्हणजे जागा हीच. माझा बाप तेवढा तिथे नव्हता.

पप्पा मालवाहू बोटीवर कुक होते. बोट हाम्बुर्गला लागलेली असताना त्यांचं अपेंडिक्स फुटलं, इस्पितळात नेलं आणि दोन दिवसांत सगळं संपलं. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावी आधी तार आली, मग हा फोटो आला, मग दफनभूमीचा एक दाखला आला. त्यावर ओळ आणि नंबर लिहिलेला होता. बोटीवर जाणाऱ्याच्या बायकोला नवरा वर्षातले दहा महिने तसाही दिसत नाही. माझ्या आईला, मायला, तो मेल्यावरही बरेच दिवस बोटीवरच आहे असं वाटत राहिलं असेल. तिने त्याबद्दल आमच्यापाशी कधी काही काढलं नाही.

काढलं ते पार सव्वीस वर्षांनी. तिच्या हृदयाचं दुखणं निघालं, सावंतवाडीच्या डॉक्टरने जिने चढायचे नाहीत, वजन उचलायचं नाही अशी भली मोठी यादी दिली. घरी आल्यावर तिने हातातल्या पाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या.

"ह्यो मोड आणि जर्मनीक जा," ती म्हणाली. "पप्पाच्या कबरीवरची मूठभर माती हाड. माझ्या पेटयेत घालूक होयी."

"माय, एवढ्या लांब? मातीसाठी?"

"मगे कित्यासाठी जातंलंस? मी तेच्या वांगडा निजतंलंय, ता आता होवचा नाय. माती तरी येवंदे."

पेटी म्हणजे तिची शवपेटी. तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगत होती. निघण्याच्या दिवशी तिने पिशवी भरून दिली. मातीसाठी बिस्किटांचा एक रिकामा डबा, मला खायला मालवणी खाजं, आणि मलमलीत गुंडाळलेली पांढरी लेस. चर्चच्या आल्तारावर, म्हणजे वेदीवर, अंथरतात तशी, सुईने विणलेली, दोन हात लांब. डोळे अधू झालेल्या बाईने सहा महिने खपून विणली होती.

"ही थंयच्या पाद्रीबाक दी. माका पत्रां घालता, तेका."

"बरं."

"आणि थंय समुद्राचो आवाज येता काय, ता आयक. तुझ्या पप्पाक आवाजाशिवाय झोप लागा नाय."

"माय, फार आशा ठेवू नकोस हां. परका मुलूख. काय असेल, काय नसेल..."

"आशा खंय ठेवतंय रे? मूठभर मातीच तर सांगतंय."

हाम्बुर्गला उतरल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की तिथे समुद्रच नाही. बंदर आहे ते नदीवर. समुद्र तिथून शंभर किलोमीटर दूर. सव्वीस वर्षं आम्ही मायलेक पप्पांना लाटांच्या आवाजात निजलेले समजत होतो आणि इथे आगगाडीसुद्धा धड वाजत नव्हती. शनिवारी रात्री खोलीवर बसून खाजं चघळताना मी स्वतःला बजावलं, बोनिफास, समुद्र गेला तर जाऊ दे. कबर आहे, माती आहे, एवढं घेऊन परत जायचं. इतर काही मागायचं नाही. आणि आता कबरसुद्धा नंबरावर सापडत नव्हती.

तेवढ्यात मागून हिरवी झारी घेतलेली एक म्हातारी आली. डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट. मला तिथे उभा बघून तिने मान लववली आणि जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. मी फोटो पुढे केला. तिने चष्मा लावला, फोटो बघितला, मान वर करून चॅपल बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"फादर," मी लाकडी क्रुसावर बोट ठेवून इंग्रजीत म्हणालो. "माय फादर. हिअर."

तिने झारी खाली ठेवली. दगडावरच्या दुसऱ्या नावावर बोट टेकलं आणि मग तेच बोट आपल्या छातीवर टेकलं. "गेर्डा," ती म्हणाली. म्हणजे कारागीर पळालेला नव्हता. नवऱ्याशेजारी स्वतःचं नाव कोरून घेऊन ही बाई त्या रेघेच्या अलीकडे उभी होती. मला ओशाळल्यासारखं झालं. आणि माय काय म्हणत होती तेही तेव्हा नीट कळलं. तेच्या वांगडा निजतंलंय.

गेर्डाबाईंनी माझा हात कोटाच्या बाहीतून शोधून काढून दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ काहीबाही सांगत राहिल्या. एक शब्द कळेल तर शपथ! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, काय मायाळू लोक आहेत, ओळख ना पाळख आणि परक्याच्या बापासाठी रडतात. मायला सांगायला एक छान गोष्ट मिळाली असंही वाटलं. मग त्यांनी फाटकाजवळच्या बैठ्या इमारतीकडे हात केला. "मोंटाग," त्या म्हणाल्या आणि नऊ बोटं दाखवली. उद्या सोमवार, नऊ वाजता कचेरी उघडेल. मी मान डोलावली. त्या बाईंना त्या क्षणी सगळं कळून चुकलं होतं. नंबर बदलले असतील, कचेरीत नवी यादी असेल, असा दिलासा स्वतःला देत मी खोलीवर परतलो.

सोमवारी नऊला पाच कमी असताना मी दाराशी हजर होतो. आत चाळिशीतली एक कारकून बाई होती, फ्राउ बेन असं तिच्या टेबलावर लिहिलेलं होतं. इंग्रजी तिला येत होतं, पण एकेक शब्द जिना उतरल्यासारखा जपून टाकायची. मी तिला दाखला दिला. आत जाऊन तिने एक हिरवी फाइल आणली.

"कायतान रेबेलो. खलाशी. हे तुमचे कोण?"

"वडील. त्यांची कबर सापडत नाही. नंबर बदललेत का?"

"नंबर तोच आहे." तिने फाइलमधलं पान वाचलं. "ही जागा अठरा नोव्हेंबर १९९६ पर्यंत होती."

"पर्यंत म्हणजे?"

"पंचवीस वर्षं. इथे जागा पंचवीस वर्षांसाठी मिळते. कंपनीने तेवढे पैसे भरले होते. नंतर घरच्यांनी मुदत वाढवायची असते. तशी वाढवली नाही, तर जागा दुसऱ्याला देतात."

आमच्या गावच्या चर्चमागेही जागा कमी आहे. थोड्या वर्षांनी कबर उघडतात, पण त्याआधी पाद्री घरी निरोप धाडतो. घरचे जमतात, हाडं काढतात, धुतात, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि प्रार्थना म्हणतात. माय म्हणायची, हंय जागेची वाण म्हणून ही तऱ्हा, थंय एवढो मोठो मुलूख, तेंका कित्याक होयी असला काय.

"कुणाला न कळवता?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं. "आम्ही त्याची माणसं आहोत. कळवायला नको?"

"आम्ही कळवलं होतं. एक वर्ष आधी. आणि मुदत संपल्यावर पुन्हा."

"पत्र मिळालं नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. तिला राग आलेला दिसला नाही. तिने फक्त फाइल माझ्याकडे फिरवली. पत्राच्या नकलेला टाचणीने एक गुलाबी कार्ड टोचलेलं होतं. रजिस्टर पत्र घेणाऱ्याची सही घेऊन पोस्ट परत पाठवतं ते कार्ड. त्याच्यावर वेंगुर्ल्याचा शिक्का होता आणि शिक्क्याखाली वाकड्यातिकड्या देवनागरीत, एकेक अक्षर सुटं सुटं काढून, लिहिलेलं होतं: नातालिना रेबेलो.

माझ्या आईची सही मी त्या हिरव्या फाइलमध्ये बघितली. ती सही करायला तिला मीच शिकवलं होतं.

आता इथे मला सांगायलाच हवं. पत्रं आली होती. पहिलं आलं १९९५ च्या ऑक्टोबरात. मी तेव्हा मुंबईत एका सरकारी कचेरीत होतो. मायने पोस्टमनकडून ते सही करून घेतलं, हातात घेऊन सगळ्या वाडीत नाचवलं आणि गावच्या एकाबरोबर मुंबईला माझ्याकडे पाठवून दिलं. वाचून हाड, म्हणून निरोप. जर्मन येणारं माणूस मुंबईत शोधलं असतं तर चार दिवसांत मिळालं असतं. मी ते टेबलाच्या खणात टाकलं. आज बघू, उद्या बघू करत तीन आठवडे गेले आणि सगळ्या मृतांच्या सणाला, दोन नोव्हेंबरला, मी गावी गेलो. बस थांबते तिथे माय येऊन उभी होती. पिशवी हातातून घ्यायच्या आधी तिने विचारलं, "काय लिवल्यानी?"

वाचलंच नाही असं सांगायला जीभ रेटेना. पत्रात अठरा नोव्हेंबर १९९६ ही तारीख तेवढी मला वाचता आली होती. पप्पांना पंचवीस वर्षं पुरी होण्याची तारीख. मी म्हणालो, "तिथल्या पाद्रीने लिहिलंय. पुढच्या वर्षी पंचवीस वर्षं होतील, आम्ही त्यांच्यासाठी मीस करणार आहोत. कबरीवर फुलं ठेवतो, असंही लिहिलंय."

फुलांचं मी आयत्या वेळी घातलं. तिचा चेहरा असा उजळला की आणखी काही घालावंसं वाटलं. "पंचईस वर्सां जाली तरी तेंनी आठवण ठेयल्यानी!" ती रस्त्यावरच म्हणाली. रविवारी तिने चर्चमध्ये त्या जर्मन पाद्रीच्या नावाने मीस, म्हणजे प्रार्थनाविधी, सांगितली. पत्र घरातल्या आल्तारामागे ठेवलं. वर्षाने दुसरं आलं, डिसेंबरात. ते तर मी नीट उघडून बघितलंही नाही. नाताळच्या शुभेच्छा आहेत म्हणून मोकळा झालो. मला वाटे, आपण म्हातारीला सुख देतोय. खरं म्हणजे मी फक्त वेळ मारून नेत होतो.

आणि मी कोण? कचेरीत माझं टेबल नोटिसांचं. पंधरा वर्षं मी दुसरं काय केलं होतं? 'विहित मुदतीत उत्तर न आल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.' हे वाक्य मी झोपेतही लिहीन. त्या पत्राला वर संदर्भ क्रमांक होता, खाली सहीसाठी ठिपक्यांची ओळ होती, सोबत भरून पाठवायचा फॉर्म होता. इतर कुणाला नसतं कळलं तर समजू शकतो. नोटिशीच्या कारकुनाला नोटीस ओळखू येऊ नये?

"मिळालं होतं," मी फ्राउ बेनला म्हणालो. "वाचलं नाही."

तिने मान हलवली. मग न सांगता एक कागद घेतला आणि दोन्ही पत्रांचं इंग्रजी करून हाताने लिहून दिलं. ते होईपर्यंत मी खुर्चीत बसून राहिलो. लाज वाटत होती. रडू येत होतं, पण त्या बाईसमोर रडायचा आपल्याला अधिकार नाही असंही वाटत होतं.

"त्यांना बाहेर काढलं का?" शेवटी विचारलं.

"नाही. आम्ही काढत नाही. ते तिथेच आहेत." तिने तळहात टेबलाच्या पातळीवर धरला आणि मग टेबलाच्या खाली नेला. "जास्त खोल. हेर ब्रांट त्यांच्या वर."

"मला मूठभर माती हवी होती."

"ती जागा आता फ्राउ ब्रांट यांची आहे. त्यांना विचारा." खिडकीकडे बघत ती म्हणाली, "त्या आल्या आहेत. आज त्यांचा यायचा दिवस नसतो."

गेर्डाबाई कबरीपाशी उभ्या होत्या. आज झारी नव्हती, हातात एक लहान खुरपं होतं. मी जवळ गेलो आणि बिस्किटांचा डबा उघडून दाखवला. त्या गुडघे टेकून बसल्या. दगडाच्या पायथ्याशी त्यांनी जांभळी फुलझाडं लावली होती, त्यांतली दोन अलगद मुळासकट उपटून बाजूला ठेवली आणि खणू लागल्या. वरवरची माती त्यांनी घेतली नाही. कोपरापर्यंत हात जाईल एवढं खणून, खालची काळी ओली माती ओंजळीत घेऊन त्यांनी माझ्या डब्यात घातली. तीन ओंजळी. मग झाडं परत लावून हात झटकले.

मी पिशवीतून लेस काढून त्यांना दिली. ज्या पाद्रीसाठी ती विणली होती, त्याला मीच बस थांब्यावर जन्माला घातलं होतं. त्यांनी लेस उलगडली, टाके निरखून बघितले, कुणी केली म्हणून खुणेने विचारलं. "मदर," मी म्हणालो. त्यांनी ती घडी करून छातीशी धरली आणि कागदपेन्सिल काढून पत्ता लिहायची खूण केली. मी मायचा पत्ता लिहून दिला.

परतीच्या विमानात मी गोष्ट रचत होतो, हे कबूल करतो. दगड कसा होता, पाद्री किती म्हातारा झालाय, काय काय म्हणाला. मुंबई येईपर्यंत गोष्ट चांगली जमली होती. माती तर खरीच होती. पाद्रीला आणखी थोडे दिवस जगू दिलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं?

घरी पोचलो तेव्हा माय पडवीत बसली होती. डबा मी तिच्या मांडीवर ठेवला. तिने झाकण उघडून मातीवर हात ठेवला. बराच वेळ तो तसाच ठेवला.

"दगडार काय लिवलेला आसा?"

"माय..."

"नाव बरोबर लिवल्यानी मां? आणि पाद्रीबा भेटलो? लेस दिलंस तेका?"

"लेस दुसऱ्या बाईला दिली. माय, तो पाद्री नाही."

"म्हंजे मेलो?" तिने घाईने कपाळाला हात लावून क्रूस काढला. "अरे देवा! कधी?"

तिथे माझी जमलेली गोष्ट मोडली. त्या न जन्मलेल्या माणसासाठी तिचा हात कपाळाकडे गेला आणि पुढचं खोटं मला गिळवेना. "तो नव्हताच," मी म्हणालो. "पाद्री मी सांगितला. पत्र मी वाचून घेतलंच नव्हतं."

मग सगळं सांगितलं. खण, तीन आठवडे, बस थांबा, फुलं. हेल्मूट ब्रांट आणि गेर्डाबाई. माझं संपल्यावर ती उठली, आत जाऊन आल्तारामागची दोन्ही पत्रं घेऊन आली आणि माझ्या हातात दिली.

"आता वाच. काय लिवला आसा, ता सगळा."

फ्राउ बेनचा कागद शेजारी धरून मी एकेक ओळ सांगितली. जागेची मुदत अमुक तारखेस संपत आहे. वाढवून हवी असल्यास कळवावे. मृताच्या संदर्भात आपली काही इच्छा असल्यास एक वर्षाच्या आत कळवावे, तोवर जागेला हात लावला जाणार नाही.

माय ऐकत होती. "हाडां न्हेवक बोलयल्यानी," ती हळूच म्हणाली. तिला ते आमच्या गावच्या रीतीने कळलं, आणि बरोबर कळलं. "म्हंजे वरीसभर ते आमची वाट बघत रवले."

"हो."

"आणि मी हंय तेंच्या नावान मीस सांगी होतंय."

एवढंच बोलली. मला शिव्या दिल्या असत्या, डबा फेकला असता, तर बरं झालं असतं. तिने झाकण लावलं आणि डबा पप्पांच्या फोटोखाली नेऊन ठेवला. लेस त्या बाईला दिली ते बरं केलंस, असं जेवताना म्हणाली. संध्याकाळी जपमाळेचा तेर्स झाला, तेव्हा पप्पांच्या नावापाठोपाठ तिने हेल्मूटचं नाव घेतलं आणि गेर्डाला चांगलं आयुष्य दे म्हणून मागितलं. दोन्ही नावं तिने मला पुन्हा विचारून घेतली होती. पुढे रोज घ्यायची. माझ्याशीही ती पहिल्यासारखीच वागत होती. मासळी माझ्या आवडीची करायची, निघताना कपाळावर क्रूस काढायची. मला वाटलं, तिने माफ केलं.

जून उजाडायच्या आधी मी आठवडाभर गावी होतो. दुपारी पोस्टमन आला. जर्मनीचं तिकीट, निळं पाकीट, पाठीमागे बारीक अक्षरांत गेर्डा ब्रांट. मायने सही केली, पाकीट उलटंपालटं करून बघितलं आणि पदराने पुसलं. मी हात पुढे केला.

"दे माय. मुंबईला नेतो. आठ दिवसांत वाचून आणतो. या वेळी खरंच आणतो."

"नको," ती म्हणाली. "सावंतवाडीच्या कॉन्व्हेंटात एक सिस्टर आसा. जर्मनीत रवान इल्ली आसा, असा म्हणतत. तिका दाखयतंय."

"अगं, एवढ्या उन्हात बसने? डॉक्टरने काय सांगितलंय? निदान मी येतो सोबत."

"तू बस."

तिने धुतलेलं लुगडं नेसलं, पाकीट पोलक्यात खोवलं, छत्री घेतली आणि पायऱ्या एकेक करून, भिंतीला हात धरून उतरली. शेजारच्या रेमेतिनाची सून अंगणात होती, तिला म्हणाली, "चल गो, माझ्यावांगडा सावंतवाडीक येशीत? माका एक पत्र वाचून घेवचा आसा." ती पोरगी चपला घालून लगेच निघाली. मी पडवीत बसून त्या दोघींना वळणापर्यंत जाताना बघत होतो.

माय आणखी सहा वर्षं जगली. त्यात गेर्डाबाईंची अकरा पत्रं आली आणि मायने सिस्टरकडून लिहून घेऊन प्रत्येकाला उत्तर धाडलं. शेवटी तिच्या पेटीत आम्ही डब्यातली माती घातली आणि तिने सांगून ठेवलं होतं म्हणून ती अकरा पत्रंही घातली. पेटी बंद करायच्या आधी ती पत्रं माझ्या हातात होती. त्यांत काय लिहिलं होतं, ते मला माहीत नाही.